मातीतले सीझियम कसे ओळखावे?

मार्च २०११ मध्ये फुकुशिमा दाइची अणुवीज प्रकल्पातून बाहेर पडलेले सीझियम वाऱ्यापावसाबरोबर भातखाचरांवर, जंगलांवर आणि शाळांच्या मैदानांवर उतरले. त्यानंतर जपानमधल्या असंख्य नागरिकांनी हातात मावणारे मीटर विकत घेतले आणि जमिनीजवळ धरून आकडे टिपले. ती धडपड आदराने पाहावी अशीच होती. पण असा मीटर सांगतो ते एवढेच, की या जागी उभे राहिल्यास तासाला साधारण किती किरणोत्सर्ग अंगावर येईल. माती कशाने दूषित झाली आहे आणि तो दोष किती वर्षे टिकेल, हे त्याला सांगता येत नाही. कारण स्वच्छ मातीतूनही गॅमा किरण सतत निघत असतात. जगभरच्या मातीत किलोमागे सरासरी सुमारे ४०० बेकेरेल पोटॅशियम-४० असते, शिवाय युरेनियम आणि थोरियम असतात ते वेगळेच. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम इतके आहे, की तिथे मीटरचा आकडा बराच चढतो. अपघात मात्र तिथे कधीच घडलेला नाही. म्हणून मातीबद्दलचा कोणताही निर्णय एकट्या आकड्यावर घेऊ नये, आधी वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा किरण येतात याचा आलेख, पाहावा, असे माझे म्हणणे आहे.

वर्णपट शक्य होतो तो प्रत्येक समस्थानिकाच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते म्हणून. सीझियम-१३७ ची खूण ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर उमटते, पोटॅशियम-४० ची १४६१ वर आणि थोरियमच्या साखळीतल्या थॅलियम-२०८ ची २६१५ वर. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात गॅमा किरण शिरला की क्षणभर प्रकाश चमकतो आणि ती चमक किती तेजस्वी आहे त्यावरून ऊर्जा कळते. हा शोधक स्वस्त आणि दणकट असतो, पण त्याची नजर जाडसर. ६६२ च्या आसपास तो सुमारे ४५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे फरक एकमेकांत मिसळून टाकतो. सीझियम-१३४ ची एक रेषा ६०५ वर आहे आणि निसर्गात सर्वत्र आढळणाऱ्या बिस्मथ-२१४ ची ६०९ वर. त्या दोन्ही त्याला एकच दिसतात. अतिशुद्ध जर्मेनियमचा शोधक त्या सहज वेगळ्या करतो. मात्र त्याला द्रव नायट्रोजनने किंवा विजेवरच्या शीतक यंत्राने अतिथंड ठेवावे लागते.

सीझियम-१३४ वेगळे दिसणे एवढे महत्त्वाचे का? फुकुशिमातून १३४ आणि १३७ ही दोन्ही सीझियमे जवळपास सारख्याच प्रमाणात बाहेर पडली. गेल्या शतकातल्या अणुचाचण्यांच्या धुळीत १३४ जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे २०११ नंतरच्या नमुन्यातले या दोघांचे गुणोत्तर पाहून जुने सीझियम किती आणि नवे किती, हे सांगता आले. शिवाय १३४ चे अर्धायुष्य सुमारे २ वर्षे आणि १३७ चे ३० वर्षे. सुरुवातीला सीझियममुळे मिळणाऱ्या गॅमा मात्रेतला सुमारे ७३ टक्के वाटा १३४ चा होता. म्हणजे शेताला कोणी हातही लावला नसता, तरी केवळ ऱ्हासाने पाच वर्षांत मीटरचा आकडा साठ टक्क्यांहून अधिक उतरला असता. त्याच काळात १३७ मात्र जेमतेम ११ टक्के घटले असते. ही घट सफाईचे यश म्हणून मोजली, तर शेतकऱ्याच्या हाती खोटा दिलासा पडतो.

जर्मेनियमची यंत्रे महाग आहेत, गावोगाव कशी नेणार, हा आक्षेप खरा आहे. पण प्रत्येक बांधावर ती नेण्याची गरजच नाही. स्वस्त यंत्रांनी भाग चाळावा आणि निवडक नमुने शिशाच्या कवचातल्या जर्मेनियमखाली ठेवावेत. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सुमारे ६ सेंटिमीटर मातीचा थर ६६२ ऊर्जेचे निम्मे किरण अडवतो. खोल नांगरट करून वरची माती खाली घातली, की सीझियम तेवढेच राहते आणि शेतात उभ्या केलेल्या शोधकाला ते कमी भासते. वर्णपटातली विखुरलेल्या किरणांची पातळी पाहून खोलीचा अंदाज बांधता येतो, पण खात्री हवी तर नळीने खोलवरची माती काढून थराथराने मोजण्याला पर्याय नाही.

वर्णपटाच्या आणखीही मर्यादा आहेत. स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सारी समस्थानिक गॅमाने दिसत नाही. त्यासाठी रासायनिक पृथक्करणच करावे लागते. आणि माती मोजली म्हणून भात कळला, असेही नाही. सीझियम चिकणमातीतल्या अभ्रकासारख्या खनिजांत घट्ट अडकते. जिथे पिकाला मिळू शकणारे पोटॅशियम कमी, तिथे रोप सीझियम अधिक उचलते. म्हणून फुकुशिमाच्या खाचरांत पोटॅशची खते टाकली गेली आणि तांदळाची पोती स्वतंत्रपणे तपासली गेली. या मर्यादांमुळे वर्णपटाचे मोल कमी होत नाही. कोणती चाचणी पुढे करायची, हे तोच सांगतो.

आज प्रकल्पालगतच्या ओकुमा आणि फुताबा इथल्या साठवण केंद्रात सफाईत काढलेली सुमारे १.४ कोटी घनमीटर माती आहे. ती २०४५ पर्यंत फुकुशिमा प्रांताबाहेर हलवण्याचे बंधन जपानच्या कायद्यात आहे. किलोमागे ८००० बेकेरेलपेक्षा कमी सीझियम असलेली माती रस्त्यांच्या भरावासाठी वापरावी, असे सरकारला वाटते. टोकियोतल्या शिंजुकू ग्योएन उद्यानात त्याची चाचणी घेण्याचे ठरले, तेव्हा रहिवाशांनी विरोध केला. त्यांना अडाणी ठरवून काही साधणार नाही. कोणते समस्थानिक, किती खोलीवर, कोणत्या तारखेला मोजले आणि अनिश्चितता किती, ही माहिती प्रत्येक खेपेसोबत त्यांच्यापुढे ठेवणे सरकारचे कर्तव्य आहे, आणि ती मिळवण्याची साधने सरकारकडे आहेत.