दीपनगरचे गेट

दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र भुसावळहून वरणगावकडे जाणाऱ्या महामार्गालगत आहे. कोळसा रेल्वेने येतो, पाणी तापीवरच्या हतनूर धरणातून. त्यावर ५०० मेगावॉटचे दोन संच आणि ६६० मेगावॉटचा नवा संच चालतो. वीज, पाणी, रेल्वे यांसारख्या कामांच्या जागा १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली सरकार प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. अशा जागेच्या राखणीची सुरुवात गेटवर होते, आणि बरीचशी राखण तिथेच होते.

एवढ्याशा टापूत तीन वेगवेगळी दले पहारा देतात. वरणगाव आणि भुसावळ इथल्या आयुध निर्माणींवर संरक्षण सुरक्षा कोअरचे जवान असतात. हे दल १९४७ चे असून त्यात मुख्यतः निवृत्त सैनिक असतात. भुसावळ जंक्शन आणि यार्ड रेल्वे सुरक्षा दलाकडे आहे. राज्य सरकारच्या महानिर्मिती कंपनीच्या औष्णिक केंद्रांवर, आणि दीपनगर त्यातलेच, महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान दिसतात. एनटीपीसीसारख्या केंद्रीय कंपन्यांच्या वीजकेंद्रांना केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल मिळते. ते १९६८ च्या कायद्याने १९६९ साली उभे राहिले. राज्याकडे मात्र तसे स्वतःचे दल बराच काळ नव्हते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर २०१० मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ स्थापन झाले. सुरक्षा बल हे त्याचेच. मुंबईच्या मेट्रो स्थानकांवरही हेच जवान झडती घेताना दिसतात.

गणवेश पाहून खासगी एजन्सीचा रखवालदार आणि हा जवान यांतला फरक पटकन लक्षात येत नाही, पण कायद्याच्या नजरेत तो मोठा आहे. रखवालदाराला कोणत्याही नागरिकाइतकाच अधिकार असतो: डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर माणूस धरता येतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. महामंडळाच्या जवानाला कायद्याने झडतीचा आणि वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार दिला आहे. तपास मात्र त्याचा नव्हे. धरलेला माणूस शेवटी पोलीस ठाण्यातच जातो.

औष्णिक केंद्राच्या गेटवर सकाळच्या पाळीची गर्दी झाली, की तपासणीतली खरी अडचण दिसते. दाराच्या चौकटीसारखा धातुशोधक आपल्या वेटोळ्यांतून चुंबकीय स्पंदने सोडतो. मधून धातू गेला की त्यात क्षणिक विद्युतप्रवाह उठतो आणि यंत्र वाजते. कामगाराच्या पायात तर पोलादी टोपीचे सेफ्टी शूज, खिशात पाना. यंत्र प्रत्येकाला वाजते आणि सतत वाजणाऱ्या यंत्राकडे कुणी पाहत नाही. म्हणून हातातला शोधक, ठेकेदाराच्या कामगाराचा पास, पासवरचा फोटो आणि जवानाची नजर यांवरच काम येऊन पडते. महिलेची झडती महिलेनेच, तिची मर्यादा राखून घ्यायची, हा कायद्याचा दंडक आहे. ट्रकखाली लांब दांड्याचा आरसा फिरतो.

बाहेर जाणाऱ्या मालाची तपासणी आत येणाऱ्या माणसाइतकीच कडक लागते. तांब्याची तार आणि भंगार यांना बाजारात भाव असतो. दुरुस्तीला जाणाऱ्या विजेच्या मोटारीचा गेटपास परतीचा, विकलेल्या भंगाराचा बिनपरतीचा. पासवरचा आकडा, वजनकाट्याची पावती आणि गाडीतला माल जुळल्याशिवाय गेटचा दांडा वर जाऊ नये. चोरी इथेच अडते, बंदुकीने नव्हे.

बॅगा तपासणाऱ्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर धातू निळा दिसतो, सेंद्रिय वस्तू नारिंगी, मिश्र वस्तू हिरवी. डब्यातली भाकरी नारिंगी, पाण्याची बाटली नारिंगी आणि कीटकनाशकाचीही नारिंगीच; यंत्राला न कळणारे बरेच असते. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांनी वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दारे झिजवली आणि २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले. २८ जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात मंत्रालयाच्या आतल्या चौकावर, वरून उडी मारणाऱ्यांना अडवायला, जाळी बांधली गेली. २०२५ मध्ये तिथे चेहरा ओळखून प्रवेश देणारी यंत्रणा आली. या दोन्ही उपायांनी इमारतीची सुरक्षा वाढली असेल, पण विखरणहून आलेल्या माणसाचा अर्ज कोणत्या टेबलावर अडला होता, हे शोधण्याचे काम गेटवरच्या कोणत्याही यंत्राचे नाही. ते आतल्यांचे होते.

बंदूक उरते ती शेवटच्या प्रसंगासाठी. तार घेऊन पळणाऱ्या भुरट्या चोरावर गोळी झाडता येत नाही. मालमत्तेच्या बचावात जीव घेण्याची मुभा भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ ने जबरी चोरी, आग लावणे अशा मोजक्या प्रसंगांपुरती ठेवली आहे. त्यामुळे जवानाला शस्त्र चालवण्याइतकेच ते आवरण्याचेही शिक्षण लागते. पाळी बदलताना शस्त्र उघडून पाहायचे, काडतुसे एकेक मोजायची, आकडा नोंदवहीत लिहायचा आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनी सही करायची. रायफलींची अशी काडतुसे जवळच्याच वरणगावच्या निर्माणीत तयार होतात.

या जवानांची नोकरी कंत्राटी. जुलै २०२३ मध्ये मुंबई पोलिसांचे मनुष्यबळ अपुरे पडले, तेव्हा शासनाने महामंडळाचे ३,००० जवान ११ महिन्यांसाठी घेण्याचे ठरवले. कोट्यवधींची यंत्रे आणि एका महानगराचा बंदोबस्त ज्यांच्या भरवशावर सोडता येतो, त्यांच्या नोकरीची मुदत मात्र महिन्यांत मोजली जाते. कायमस्वरूपी करण्याची त्यांची मागणी जुनी आहे, आणि रास्तही.