भर उन्हातला काळोख

१९४६ हे साल मोठे चमत्कारिक होते. त्या वर्षी व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' पडद्यावर आला. आमच्या सोलापूरचा हा तरुण डॉक्टर चीनमध्ये युद्धातल्या जखमींची सेवा करता करता १९४२ साली वारला होता. लोक चित्रपटगृहातून डोळे पुसत आणि ताठ मानेने बाहेर पडावेत, असा तो काळ. त्याच वर्षी पॅरिसमध्ये नीनो फ्रांक या समीक्षकाने अमेरिकेतून आलेले काही गुन्हेपट पाहिले आणि त्यांना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. आपण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होतो; युद्ध जिंकलेली अमेरिका मात्र पडद्यावर स्वतःचीच सावली पाहून दचकत होती.

या परंपरेतला 'फोर्स ऑफ इव्हिल' (१९४८) मला फार जवळचा वाटतो. विषय आकड्यांच्या जुगाराचा, म्हणजे आपल्या मटक्याचा म्हणा ना! त्यातल्या छोट्या अड्ड्यांना 'बँक' म्हणतात. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला यावर हसू आल्यावाचून राहत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ४ जुलैला, १७७६ सालच्या आठवणीने लोक हौसेने ७७६ वर पैसे लावतात. धंद्यातला बडा मासा नेमका तोच आकडा आणवायचे ठरवतो. छोट्या अड्ड्यांना देणी भागवता येऊ नयेत आणि ते आपोआप त्याच्या घशात जावेत, असा बेत. हे सारे व्यवस्थित बसवून देणारा एक हुशार वकील आहे, आणि बुडणाऱ्यांत त्याचा सख्खा थोरला भाऊ. लोकांच्या देशप्रेमाचेच हत्यार करण्याची ही कल्पना! दिग्दर्शक अब्राहम पोलोन्स्की यांनी १९५१ साली संसदीय चौकशी समितीपुढे सहकाऱ्यांची नावे सांगायला नकार दिला. ते काळ्या यादीत गेले. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पुढचा चित्रपट यायला १९६९ उजाडले.

आपल्याकडे हा भ्रमनिरास स्वातंत्र्यानंतर पाव शतकाने पडद्यावर उतरला. सोलापुरात शिकलेले डॉ. जब्बार पटेल यांचा 'सामना' (१९७४) आठवा. पटकथा विजय तेंडुलकरांची. ओले रस्ते नाहीत, निऑनचे दिवे नाहीत. आहे तो उसाच्या पट्ट्यातला सहकारसम्राट हिंदुराव धोंडे पाटील. निळू फुले यांनी त्याला दिलेला रुबाब अजून अंगावर येतो. समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर, एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक आणि आता दारूत बुडालेला. सैन्यातून गावी परतलेला मारुती कांबळे नाहीसा झालेला असतो. त्याचे काय झाले, एवढेच मास्तर विचारत राहतो.

हिंदुराव निव्वळ खलनायक असता, तर काम सोपे होते. पण त्याने गावात पाणी आणले, कारखाना आणला, रोजगार आणला. शेतीकर्जांच्या निमित्ताने मी जी गावे हिंडलो, तिथे अशी माणसे पाहिली आहेत. थकबाकी वसूल करताना लहान कर्जदाराच्या दारात जीप उभी राही. बड्या नावांच्या फायली मात्र कपाटात सुखाने झोपत. एकदा एका म्हाताऱ्याला मी याबद्दल छेडले. तो म्हणाला, "सायेब, समदे सारखेच. तुमी आपला चा घ्या." त्याच्या आवाजात राग नव्हता. मला खटकले ते तेच.

'सिंहासन'मध्ये (१९७९) पटेल-तेंडुलकर जोडी अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून मंत्रालयात पोचली. तिथे पत्रकार दिगू टिपणीस सगळे जाणतो आणि अखेरीस वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्याला आपण पुढे फारच सरावलो. आता घोटाळ्याची बातमी चहाबरोबर वाचली जाते आणि पक्षांतरावर विनोद होतात. 'सगळे सारखेच' हे वाक्य आपल्याला शहाणपणाचे वाटते. प्रत्यक्षात ते हिंदुरावांच्या फार सोयीचे आहे, कारण सगळेच सारखे ठरले की कुणा एकाला जाब विचारण्याचे कारण उरत नाही.

म्हणून या काळ्या चित्रपटांना निराशावादी म्हणणे मला पटत नाही. पोलोन्स्कीचा वकील शेवटी भावाचे प्रेत शोधायला नदीकाठी उतरतो आणि तोंड उघडायचे ठरवतो. मास्तराच्या हातात पद नाही, पैसा नाही, पायही लटपटतात. तरी तो एक नाव विसरायला तयार नाही. आपल्या तालुक्यातले असे एखादे नाव वाचकांना आठवते का?