काचेच्या नळीतली वीस मिनिटं

साप चावलेल्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं की नर्स त्याच्या हातातून थोडं रक्त काढते, काचेच्या नळीत घालते आणि नळी स्टँडवर उभी करून ठेवते. पुढची वीस मिनिटं त्या नळीला कुणी हात लावत नाही. बाहेर नातेवाइकांचा जीव टांगणीला लागलेला असतो. ‘लस द्यायची सोडून हे काय बघत बसलेत?’ म्हणत आवाज चढतात, कधी रुग्णाला उचलून दुसरीकडे न्यायची घाई सुरू होते. ही घाई जिवावर बेतू शकते, म्हणून त्या वीस मिनिटांत काय घडतं हे गावोगावी माहीत असायला हवं.

आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर घाला घालतं. पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर दगडाखाली सापडणारं फुरसे आणि घाटावर शेताच्या बांधाला, कडब्याच्या गंजीखाली बसलेली घोणस यांचं विष मात्र रक्ताच्या मागे लागतं.

हे विष रक्त पातळ करतं, असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात सुरुवात उलटी होते. रक्त गोठताना प्रथिनांची एक साखळी टप्प्याटप्प्यानं जागी होते आणि शेवटी फायब्रिनोजेन या प्रथिनाचे धागे बनून गुठळी धरते. घोणशीचं विष या साखळीतल्या पाचव्या आणि दहाव्या घटकाला थेट चेतवतं, तर फुरशाचं विष त्याच्याही पुढे जाऊन प्रोथ्रोंबिन या घटकालाच. परीक्षानळीत घोणशीचं विष रक्त इतक्या झपाट्यानं गोठवतं, की १९३४ मध्ये लंडनमध्ये मॅकफार्लेन हे डॉक्टर आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयातल्या सर्पविभागाचे प्रमुख बार्नेट यांनी ते अगदी सौम्य करून हिमोफिलियाच्या रुग्णाचा रक्तस्राव थांबवण्यासाठी जखमेवर वापरलं होतं.

मग रुग्णाच्या हिरड्यांतून रक्त का येतं? गावच्या पाण्याच्या टाकीचा मोठा नळ कुणी रात्रभर उघडा टाकला, तर सकाळी टाकी कोरडी मिळते. शरीरात तसंच होतं. विष सगळीकडे बारीक बारीक गुठळ्या धरायला लावतं, त्या लगोलग विरघळतात आणि काही तासांत फायब्रिनोजेनचा साठा संपतो. आता खरोखर गरज पडली तर गुठळी धरायला काही उरलेलं नसतं. लघवी लाल होते, सुईच्या टोचणीतून रक्त पाझरत राहतं, कधी मेंदूत रक्तस्राव होतो.

ही टाकी रिकामी झाली का, एवढंच ती काचेची नळी सांगते. निरोगी माणसाचं रक्त स्वच्छ काचेत साधारण पाच ते पंधरा मिनिटांत गोठतं. बोस्टनच्या ली आणि व्हाइट या डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त गोठण्याचा वेळ मोजायची पद्धत १९१३ मध्येच मांडली होती. वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरकी करायची. गुठळी जागची हलली नाही तर रक्त गोठलं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात पोचलं आहे, प्रतिविष सुरू करायचं. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, रात्री दोन वाजता लॅब उघडी असावी लागत नाही.

पण नळी काचेचीच हवी. यामागे एका रेल्वे कर्मचाऱ्याची गोष्ट आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत जॉन हेजमन नावाच्या रुग्णाची शस्त्रक्रियेआधी नेहमीची तपासणी झाली, तेव्हा त्याचं रक्त काचेच्या नळीत गोठेचना. जन्मभरात त्याला रक्तस्रावाचा त्रास मात्र कधीच झाला नव्हता. रॅटनॉफ या डॉक्टरांनी शोधून काढलं, की त्याच्या रक्तात एक घटकच नव्हता. त्याला हेजमन घटक किंवा बारावा घटक म्हणतात. काचेच्या पृष्ठभागाचा स्पर्श झाला की तो जागा होतो आणि नळीतली साखळी सुरू करतो. शरीरातला रक्तस्राव थांबायला त्याची गरज पडत नाही, नळीतल्या चाचणीला मात्र पडते. हेजमन पुढे १९६८ मध्ये वारला, तो रक्तस्रावानं नव्हे, फुप्फुसात अडकलेल्या गुठळीनं.

या एका घटकामुळे आपल्या आरोग्य केंद्रांतल्या चाचणीचं भलंबुरं ठरतं. प्लास्टिकच्या नळीत तो नीट जागा होत नाही, त्यामुळे रक्त चांगलं असूनही पातळ दिसतं. साबणाच्या पावडरीनं धुतलेल्या काचेच्या नळीतही तेच, कारण पावडरीचा अंश काचेला चिकटून राहतो. रक्ताच्या तपासण्यांसाठी रंगीत बुचाच्या ज्या नळ्या येतात, त्यांतल्या कित्येकांत रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेलं असतं. त्या तर इथे पूर्ण बाद. नळी कोरी, कोरडी, साध्या काचेची हवी आणि रक्त ताजं, दोनेक मिलिलिटर. मध्येच ‘बघू या झालं का’ म्हणत नळी उचलून हलवली तर निष्कर्षावर विश्वास ठेवता येत नाही. शंका आली तर सोबत आलेल्या एखाद्या धडधाकट माणसाचं रक्त तशाच दुसऱ्या नळीत ठेवून ताडून पाहता येतं.

चुकीचं ‘पातळ’ दिसणं साधी बाब नाही. प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनतं. ते जीव वाचवतं, पण काहींना त्याची तीव्र रिअॅक्शन येते, रक्तदाब कोसळतो, अॅड्रेनॅलिन हाताशी ठेवूनच ते द्यावं लागतं. गरज नसताना ते कुणाला देऊ नये.

त्याहून मोठा धोका ‘गोठलं’ या उत्तराचा आहे, आणि नातेवाइकांनी इथे सर्वांत सावध राहावं. पहिल्या नळीत गुठळी धरली की ‘विष चढलं नाही, घेऊन जा’ असा अर्थ काढला जातो. विष दंशाच्या जागेवरून हळूहळू रक्तात उतरत असतं, म्हणून राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेनुसार ही चाचणी पहिले तीन तास दर तासाला आणि नंतर दर सहा तासांनी, अशी चोवीस तासांपर्यंत करायची असते. सौम्य बिघाड या चाचणीत निसटूही शकतो. शिवाय नाग-मण्यारच्या दंशात रक्त छान गोठतं आणि तरीही रुग्णाचा श्वास थांबू शकतो. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावतो तेव्हा कधी दंशाची खूणही दिसत नाही. त्याच्या पापण्यांकडे आणि श्वासाकडे पाहत राहायचं, नळीकडे नाही. आणि हिरड्यांतून रक्त येतंय किंवा पापण्या मिटताहेत असं दिसत असेल, तर वीस मिनिटं थांबायचंच नाही, प्रतिविष लगेच सुरू व्हायला हवं.

प्रतिविष, म्हणजे लोकांच्या भाषेत लस, दिल्यावर तासाभरात ‘अजून रक्त गोठत नाही, आणखी द्या’ हा आग्रहही चुकीचा. प्रतिविष नळ बंद करतं, टाकी भरत नाही. नवं फायब्रिनोजेन यकृताला बनवावं लागतं आणि त्याला तास लागतात. म्हणूनच पुढची चाचणी सहा तासांनी होते आणि तेव्हाही रक्त पातळ असेल तरच पुढचा डोस देतात.

ज्याचं रक्त गोठणार नाही अशा माणसाच्या पायावर ब्लेडनं चिरा देणं किती घातक आहे, हे आता वेगळं सांगायला नको. गच्च आवळलेली दोरीही नको. पाय न हलवता, रुग्णाला न चालवता, मांत्रिकाकडे न थांबता दवाखाना गाठावा. साप कधी चावला ती वेळ सांगावी. रुग्णाला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू असतील तर तेही सांगावं.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक सगळी खेड्यांतली, शेतात राबणारी. प्लास्टिकच्या नळ्या सगळीकडे आल्यापासून साधी काचेची नळी मागवायचं राहून जातं, आणि माझ्या मते ही चूक अजिबात चालवून घेऊ नये. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत आपल्या आरोग्य केंद्राला दोन प्रश्न जरूर विचारा: प्रतिविष किती आहे, आणि काचेच्या कोऱ्या नळ्या आहेत का?