जुन्या इंजिनाची ठिणगी

ऐन पाण्याच्या पाळीस जुनें पेट्रोल-रॉकेल इंजिन अडलें, म्हणजे उभें पीक माना टाकूं लागतें, आणि घाबरलेला बागाईतदार नव्या मॅग्नेटोचा खर्च पत्करतो. आमच्या मतें हा खर्च पुष्कळदां अकारण होतो. मॅग्नेटोस बॅटरी लागत नाहीं. चक्रांतील लोहचुंबक कॉइलपुढून फिरतो, पॉइंट नेमक्या क्षणीं उघडतात व प्लगांत ठिणगी पडते. दोष याच वाटेनें शोधावा.

प्रथम प्लग पुसून त्याचें अंतर सुमारें ०.६ मिलिमीटर ठेवावें. तो वायरीस जोडून इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावा व चक्र जोरानें फिरवावें. जवळपास पेट्रोल नसावें. निळी, कडक ठिणगी पडल्यास दोष बहुधा तेलाच्या पुरवठ्यांत असतो. ठिणगी नसल्यास नवा प्लग लावून पाहावा. तरीहि नसल्यास इंजिन बंद करण्याची तार सोडावी. तिचें वेष्टण झिजून ती लोखंडास लागली, तर ठिणगी मरते.

नंतर पॉइंट पाहावे. पडून राहिलेल्या इंजिनांत त्यांवर गंज चढतो. बारीक कानशीनें घासून, कोऱ्या कागदानें पुसून, पूर्ण उघडले असतां सुमारें ०.४ मिलिमीटर अंतर राखावें. पॉइंट वारंवार जळत असल्यास कंडेन्सर बदलावा. इतकें करूनहि ठिणगी न आल्यासच कॉइल तपासणीस न्यावी.

चक्र उतरवावें लागल्यास पुलर वापरावा. हातोड्याच्या घावांनीं जुना चुंबक क्षीण होतो.