डार्क एनर्जी मोजायची कशी? पाच हजार रोबोंची गोष्ट

डार्क एनर्जी दिसतच नाही, मग ती मोजतात कशी? आज मी तुम्हाला ‘डेसी’ नावाच्या उपकरणाबद्दल सांगणार आहे.

अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या किट पीक डोंगरावर ४ मीटरची मेयॉल दुर्बीण आहे. डेसी तिच्यावर बसवलंय. यात ५,००० ऑप्टिकल फायबर आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा छोटासा रोबो! रोबो फायबरचं टोक बरोब्बर एकेका दीर्घिकेच्या प्रकाशात आणून ठेवतो. त्या प्रकाशाचे रंग वेगळे केले, की तो लाल बाजूला किती सरकलाय ते कळतं. त्यावरून दीर्घिका किती लांब, हे काढतात आणि विश्वाचा त्रिमितीय नकाशा तयार होतो.

आता गंमत बघा. बाल्यावस्थेतल्या विश्वात ध्वनिलहरी होत्या. त्यांची खूण अजून शिल्लक आहे: एकमेकींपासून साधारण ५० कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिका किंचित जास्त सापडतात. ही झाली आपली मोजपट्टी. निरनिराळ्या काळात ती केवढी दिसते, त्यावरून विश्व कधी किती वेगाने प्रसरण पावलं ते समजतं.

मार्च २०२५ मध्ये डेसीच्या नोंदी इतर निरीक्षणांशी जोडल्या, तेव्हा डार्क एनर्जी हळूहळू क्षीण होत असावी असं दिसलं. पण शोध म्हणायला ५ सिग्मा लागतात. इथे भरले २.८ ते ४.२. म्हणजे पक्कं नाही. मात्र हे खरं ठरलं, तर आइन्स्टाइनचा वैश्विक स्थिरांक पुरेसा पडणार नाही आणि विश्वाच्या भविष्याचा हिशोब नव्याने मांडावा लागेल. म्हणून माझं लक्ष तिकडेच आहे!