टीपॉट चांदीचा की मुलाम्याचा? उत्तर तळाशी असतं

जुन्या बाजारात किंवा घरातल्या माळ्यावर इंग्रजी टीपॉट सापडला की लोक आधी तो चिंच-राखेनं घासतात, नाहीतर थेट मोडीत घालायला सराफाकडे नेतात. दोन्हींची घाई नको. घासून ठसे झिजतात आणि वितळवल्यावर तर वस्तूचं वयच पुसलं जातं. आधी भिंग घ्या आणि तळ पाहा.

सिंह आहे का?

एक पंजा उचलून चालणारा सिंह ही इंग्लंडमधल्या स्टर्लिंग चांदीची, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध चांदीची खूण. ती 1544 पासून वापरात आहे. शेजारी शहराची खूण असते: लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा नांगर, शेफील्डचा मुकुट (1975 पर्यंत). शेफील्डचा मुकुट एकटा दिसला तर फसू नका. मुलाम्याच्या भांड्यांवरही काही कारखानदार मुकुट मारत. सोबत सिंह हवाच.

साल कसं कळतं?

ठशांमधलं एक अक्षर दरवर्षी बदलायचं. तक्त्याशी ताडून पाहिलं की साल मिळतं. पण अक्षरं फिरून फिरून येतात. लंडनचं छोट्या लिपीतलं 'ए' 1776 चंही आहे आणि 1816 चंही. मग ठरवायचं कसं? राजाचं मुंडकं शोधा. ही कर भरल्याची खूण 1784 च्या डिसेंबरात सुरू झाली आणि 1890 मध्ये बंद झाली. मुंडकं असेल तर 1816, नसेल तर 1776. झाकण सुटं असेल तर त्याच्यावरचेही ठसे पाहा. ते जुळत नसतील तर झाकण नंतर बसवलेलं असू शकतं.

मुलामा कसा ओळखायचा?

'ईपीएनएस' ही चार अक्षरं वेगवेगळ्या चौकटींत मारलेली असतात, त्यामुळे लांबून हॉलमार्कच वाटतात. अर्थ मात्र एवढाच, की निकेल सिल्व्हरवर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त; त्यात चांदी औषधालाही नसते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी या पद्धतीचं पेटंट 1840 मध्ये घेतलं, म्हणजे असा टीपॉट त्याआधीचा नसणार. त्याच्याही आधीचं 'ओल्ड शेफील्ड प्लेट' म्हणजे तांब्यावर वितळवून जोडलेला चांदीचा पत्रा. त्यात कडा झिजून तांबूस रंग डोकावतो. मोडीत त्याला फारसा भाव नाही, पण चांगल्या स्थितीतल्या वस्तूला संग्राहक दाम मोजतात.

सिंह नाही म्हणून लगेच टाकाऊ समजू नका. भारतात अशी ठसे मारणारी कचेरी नव्हती. त्यामुळे मद्रासच्या ऑर किंवा भुजच्या उमरसी मावजी यांच्या अस्सल चांदीवरही इंग्लंडचा सिंह नसतो, कारागिराचं नाव असतं.

विकण्याआधी ठशांचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. भाव नंतरही ठरवता येतो.