सह्याद्रीचा कडा आणि आपली पवना

चिंचवडच्या घाटावर, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापाशी उभे राहून पवनेचे पाणी कोणीकडे चालले आहे हे आपण कधी पाहिले आहे काय? ते समुद्राकडे पाठ करून चालले आहे. पवनेच्या उगमापासून अरबी समुद्र साठेक किलोमीटरांवर. तथापि ही नदी दापोडीस मुळेला मिळते. पुढे मुठा, भीमा, कृष्णा अशी सोबत घेत हजार किलोमीटरांहून अधिक मजल मारून बंगालच्या उपसागरास जाते. जवळचे घर टाकून हा एवढा वळसा कशासाठी?

याचे उत्तर सह्याद्रीच्या घडणीत आहे. पर्वत म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय येतो. भारताचा भूखंड आशियाच्या भूखंडावर आदळला, मधले थर दुमडून वर आले, आणि सुमारे पाच कोटी वर्षे हा रेटा चालूच आहे. सह्याद्री या जातीचा नव्हे. काटेकोर बोलावयाचे तर तो पर्वतच नव्हे, दख्खनच्या पठाराचा तो तुटलेला पश्चिम काठ आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस उसळला आणि थरावर थर साचत गेले. पुढे पश्चिमेकडचा भाग तुटून खचला, राहिलेले पठार पूर्वेस कलले. पाणी उताराचे चाकर. ते पूर्वेसच जाणार.

हे पटत नसेल तर लोणावळ्याची लोकल धरावी. चिंचवडहून लोणावळ्यापर्यंत गाडी शंभर मीटरही चढत नाही. खंडाळा ओलांडला की मात्र पायाखालची जमीन अर्धा किलोमीटर खाली कोसळते. पुण्याहून खंडाळ्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ सालीच झाला. बोरघाट उतरावयास १८६३ साल उजाडले, ते याचमुळे. आपल्या बाजूने सह्याद्री चढावा लागतच नाही, असे म्हटले तरी चालेल! या काठापासून पूर्वेस डोंगराचे फाटे निघतात. लोहगड-विसापूरचा फाटा असाच; त्याच्या एका अंगास इंद्रायणी, दुसऱ्या अंगास पवना.

आता पावसाचे पाहू. समुद्रावरून येणारे ढग या कड्यास अडून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिते होतात. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. पुण्यास सातशेच्या आसपास. पिंपरी, भोसरी, चाकण ही सारी या पर्जन्यछायेत येतात. शिवाय पायाखालचा काळा पाषाण पाणी धरून ठेवण्यात कंजूष. भेगांत आणि कुजलेल्या वरच्या थरात मावेल तेवढेच. कारखान्यांस सपाट जमीन मिळाली ती पठारामुळे, पण पाणी घाटमाथ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यातून आणि चार महिन्यांच्या पावसातून साठवावे लागते. पवना धरण त्यासाठीच आहे. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलून शहरास मिळते.

हेच पाणी धरणापासून निगडीपर्यंत बंद नळातून आणावयाचे ठरले, तेव्हा नदीकाठच्या मावळातील शेतकऱ्यांनी हरकत घेतली. नदीतले पाणी आटले तर आमच्या शेतीने काय प्यावे, हा त्यांचा प्रश्न होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरपाशी आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. नळाचे काम त्यानंतर कित्येक वर्षे थांबले. आपल्या घरचा नळ सोडला की जे पाणी येते, ते त्याच पवनेचे.